चर्चा: अडचण सोडवतो तो माणूस, की त्याला मिळालेली मोकळीक?

घाटावरचा
धंद्यातल्या अडचणी नेमक्या कोणाला सुटतात? माझ्या मते, "हे होत नाही" हे मुकाट ऐकून न घेणाऱ्याला. डिग्री नंतर. गुजरातमधल्या आणंदच्या दूध संघाचंच, म्हणजे अमूलचंच बघा. थंडीत म्हशी दूध जास्त देतात, मुंबईला तेवढं नको असायचं. पावडर करावी तर परदेशी तज्ज्ञ म्हणायचे, म्हशीच्या दुधाची होतच नाही. संघाचे डेअरी तंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ मध्ये कारखाना उभा राहिला. (नाव मात्र सगळे संघ चालवणाऱ्या कुरियनांचंच घेतात.)

मीटरगेज
अर्धीच गोष्ट सांगितलीत. कुरियन १९४९ मध्ये त्याच आणंदमध्ये सरकारी क्रीमरीत, म्हणजे दुधावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रात होते. हाताला काम नाही, सुटका करा म्हणून अर्ज चाललेले. मग दूध संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल यांनी त्यांना संघासाठी थांबवून घेतलं. गाव तेच, माणूस तोच, डोकंही तेच. बदलला तो मालक. तुमचे दलाया त्या क्रीमरीत असते तर "शक्य नाही" असा शेरा मारून फाइल परत आली असती.

घाटावरचा
मोकळीक त्या संघात बाकीच्यांनाही होती की. पावडर त्यांनी का नाही केली?

बोअरगेज
दोघेही फार उंचावरून बोलताय. आमच्या कारखान्यात, भोसरीत, सकाळचे पहिले काही जॉब (मशीनवर बनणारे भाग) रोज रिजेक्ट. बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप बसेना. क्वालिटीवाले फिशबोन (कारणं शोधायची आकृती) काढत बसले, टूल बदललं, मटेरियलवाल्याला झापलं. ऑपरेटरला कारण पहिल्यापासून माहीत होतं: रात्रभर मशीन बंद, स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) थंड, जरा मोकळं फिरवून गरम केलं की माप येतं. मग बोलला का नाही? त्याचं टार्गेट नगावर. मशीन मोकळं फिरवलं तर नग कमी, इन्सेंटिव्ह गेला. रिजेक्शन क्वालिटीच्या खात्यात पडायचं, त्याच्या नाही. आता सांगा, या माणसात काय कमी होतं?

मीटरगेज
हेच म्हणतोय मी!

घाटावरचा
थांबा. मग हे बाहेर कसं आलं?

बोअरगेज
नवीन आलेली एक ट्रेनी पहिल्या शिफ्टला मशीनपाशी उभी राहिली आणि तिने त्याला सरळ विचारलं.

घाटावरचा
म्हणजे शेवटी माणूसच.

मीटरगेज
आणि टार्गेट बदललं का?

बोअरगेज
नाही. वॉर्म-अपचा बोर्ड लावलाय. साहेब राउंडला असले की मशीन गरम होतं.