बाहेरच्या ७ रात्रीही धरा

थाउजंड ट्रेल्स या अमेरिकेतल्या कॅम्पग्राउंड साखळीबद्दल 'वर्षात ३० रात्री राहिलात की मेंबरशिप वसूल' असं म्हणतात, ते पटतं, पण बाहेरच्या रात्री कोणी धरल्याच नाहीत. त्यांच्या साध्या कॅम्पिंग पासवर एका जागी जास्तीत जास्त १४ रात्री, आणि ४ पेक्षा जास्त राहिलात की पुढच्या ७ रात्री त्यांच्या दुसऱ्या पार्कातही जाता येत नाही, ते भाडं आपल्याच खिशातून.

आम्ही नोकरीवाले, आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) निघते ती शुक्रवारी संध्याकाळी, म्हणून घेण्याआधी मी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करत गेले तर रात्री भरल्या मोजून ११, त्यातल्या ७ सरकारी स्टेट पार्कातल्या, म्हणजे या साखळीबाहेरच्या, कारण मुलांना तिथलं तळं सोडवत नाही. नाही घेतली. तुम्ही रिटायर्ड असाल तर जरूर घ्या, पण आधी जुने मेंबर विकतात ती मेंबरशिप बघा आणि ट्रान्सफर फी, म्हणजे ती आपल्या नावावर करायचा खर्च, लेखी विचारून घ्या.