नैराश्यातून सावरताना स्वभाव आड येतो का? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला ३ वर्षांत दुसऱ्यांदा नैराश्य आलं. आता गोळ्या लागू पडल्यात, झोप सुधारलीय, कामावरही जातो. धास्ती आहे ती पुढची. एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना ते पुन्हा गाठतं, आणि मनाला लावून घेणाऱ्या, पटकन चिंतेत पडणाऱ्या स्वभावात हा धोका जास्त असतो. तो अगदी तसाच. परवा साहेबांनी मेसेजला नुसतं 'ठीक' असं उत्तर दिलं, तर हा रात्री दीडपर्यंत तो मेसेज उघडून 'माझं काय चुकलं असेल?' विचारत होता.

दुसरीकडे तो कमालीचा शिस्तीचा. गोळी एकदाही चुकवलेली नाही. हाच गुण त्याला तारेल असं मला मनापासून वाटतं; पण एखादं काम अर्धवट राहिलं की त्याच शिस्तीचा चाबूक तो स्वतःवर ओढतो.

ऐन आजारात माणूस एरवीपेक्षा जास्त चिंतातूर दिसतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून 'हा असाच' असा शिक्का मला मारायचा नाही.

तुमच्यापैकी कोणी असा स्वभाव असूनही बरीच वर्षं बरं राहिलंय का? विचारांचं दळण थांबवायला समुपदेशनात नेमकं काय उपयोगी पडलं? माइंडफुलनेसवर (आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावावर) आधारलेली ८ आठवड्यांची थेरपी कोणी घेतलीय का? आणि अशा रात्री घरच्यांनी बोलावं, की नुसतं शेजारी बसावं? गोळ्यांचं डॉक्टर बघतायत, त्याबद्दल सल्ला नको.