मदत हवी आहे: बिलिंग सॉफ्टवेअरने जीएसटीचा दर चुकवला, भुर्दंड कोणी भरायचा?

वहिनीचं मिरजेत शाळेजवळ वह्या-पेन्सिलींचं छोटं दुकान आहे. एकटीच सांभाळते, घर त्यावरच चालतं. बिलिंगचं सॉफ्टवेअर क्लाउडवरचं, वार्षिक वर्गणीचं.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. आदल्या दिवशी कंपनीचा मेसेज: "नवे दर आपोआप लागू होतील, तुम्हाला काहीही करायचं नाही." वह्या, पेन्सिली, शार्पनर १२ टक्क्यांवरून शून्यावर आले, ते बरोबरच. पण कंपासपेटी आणि रंगपेटी ५ वर यायला हवी होती, तीही शून्यावर! सीएने विवरणपत्रं तपासताना पकडलं. गिऱ्हाईक केव्हाच माल घेऊन गेलं, आता त्याच्याकडे पाच टक्के कसे मागणार? कर वहिनीच्या गल्ल्यातून, वर सालाना १८ टक्के व्याज.

कंपनी म्हणते, दर तपासणं वापरणाऱ्याचं काम. मग मेसेज कशाला पाठवला होता? अटींत लिहिलंय की भरपाई फार तर एका वर्षाच्या वर्गणीइतकी, आणि वाद फक्त बेंगळुरूच्या कोर्टात. 'मान्य आहे' दाबल्याशिवाय प्रोग्रॅम उघडतच नाही, ते सोडा.

२००४ च्या टीसीएस विरुद्ध आंध्र प्रदेश निकालात सर्वोच्च न्यायालयाने सीडीवरचं तयार सॉफ्टवेअर 'माल' ठरवलं होतं, पण तो खटला विक्रीकराचा आणि इथे सीडीही नाही. ग्राहक कायद्यातल्या 'उत्पादन दायित्वा'त, म्हणजे सदोष मालाने झालेल्या हानीच्या जबाबदारीत, हे बसेल का? की दुकान म्हणून ग्राहक आयोग दारातूनच परत पाठवेल?

प्रतिसाद १
उत्पादन दायित्वाच्या मागे लागू नका. २०१९ च्या कायद्यात त्यासाठीच्या 'हानी'च्या व्याख्येतून व्यापारी आणि आर्थिक नुकसान वगळलंय. सॉफ्टवेअर हे उत्पादन असल्याचं सिद्ध केलंत तरी तिथे अडकाल. 'सेवेतील त्रुटी' म्हणून तक्रार करा. व्यापारासाठी घेतलेल्या गोष्टींची तक्रार आयोगात चालत नाही, पण स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला सूट आहे; मात्र २०१९ च्या कायद्यात ती सूट मालापुरतीच लिहिलीय, सेवेबाबत कंपनी वाद घालू शकते. ताई एकट्याच दुकान बघतात हे अर्जात ठळक लिहा. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते, म्हणजे सांगली. मुदत दोन वर्षं. कर मात्र लगेच भरा, व्याज चढू देऊ नका.

धागाकर्ता
धन्यवाद! मेसेज जपून ठेवलाय, २१ आणि २२ तारखेची कंपासपेटीची बिलंही आहेत. वर्गणीपेक्षा जास्त भरपाई न देण्याची ती अट आयोगापुढे कितपत टिकते, कोणाला अनुभव आहे का?