भिंग जितके शक्तिमान तितके चांगले?

नजर अधू झालेल्यांना वाचण्यासाठी 'भिंग घ्यायचेच तर सर्वांत जास्त शक्तीचे घ्यावे' असा सल्ला दिला जातो; तो मला पटत नाही, कारण शक्ती वाढली की भिंग वस्तूच्या तितकेच जवळ न्यावे लागते. 20 डायऑप्टरचे (डायऑप्टर हे भिंगाच्या शक्तीचे एकक) भिंग कागदापासून जेमतेम 5 सेंटिमीटरवर धरावे लागते आणि एका वेळी दोन-तीनच शब्द दिसतात. आईच्या डोळ्यांतील मॅक्युला (पडद्याचा मधला, बारीक तपशील दाखवणारा भाग) वयोमानाने झिजल्यावर आम्ही हीच चूक केली. हात थरथरून ओळ सुटायची आणि ते भिंग महिनाभरात कपाटात गेले.

पुढे लो व्हिजन तपासणीनंतर (उरलेल्या नजरेचा उपयोग कसा करता येईल हे पाहणारी तपासणी) तिला कमी शक्तीचे, कागदावर टेकवून सरकवायचे दिव्याचे भिंग मिळाले; पण त्याच्याइतकाच उपयोग झाला तो काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीपुरती खाच कापून केलेल्या पट्टीचा (पुठ्ठा जुन्या फाइलचा, खर्च शून्य), कारण तिच्यामुळे पांढऱ्या कागदाची चमक झाकली जाते आणि ओळही चुकत नाही. नजर किंचित बाजूला ठेवून नजरेच्या मधोमध येणारा डाग टाळण्याची सवय मात्र रोजच्या सरावानेच लागली. आता गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत ती स्वतः वाचते. चंदेरी पाकिटावर शाईविना अक्षरांचा नुसताच उठाव असेल तर कोणतेही भिंग पुरत नाही, तेथे विजेरी आडवी धरून अक्षरांची सावली पाडावी लागते.