फळांची नावं असलेली गाणी सुचवा, आणि निंबोणी म्हणजे नक्की कुठलं झाड?

मीनल_ठाणे:
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. ३१ मेला माझ्या सासूबाईंचं पंच्याहत्तरावं आहे, घरीच करतोय, आमरस-पुरीचा बेत, चाळीसेक माणसं. जेवणं झाली की एक खेळ ठेवलाय. मी टोपलीतून एक फळ काढून आईंच्या हातात द्यायचं, त्यांनी ते सगळ्यांना दाखवायचं आणि ज्या गाण्याच्या सुरुवातीलाच ते फळ आहे ते गाणं लोकांनी म्हणायचं. चित्रं नकोत, खरी फळंच हवीत, कारण आईंना आता नीट दिसत नाही पण हातात घेऊन नाकाशी नेलं की आंबा हापूस आहे की पायरी ते पण सांगतात. माझ्याकडे आत्तापर्यंत चारच गाणी झालीत, नाच रे मोरा आंब्याच्या वनात, पाडाला पिकलाय आंबा, जांभुळपिकल्या झाडाखाली आणि निंबोणीच्या झाडामागे. यातल्या शेवटच्यावरून घरात दोन दिवस वाद चाललाय, नवरा म्हणतो निंबोणी म्हणजे कडुलिंब, मला लहानपणापासून लिंबाचं झाडच वाटत आलंय. टोपलीत काय ठेवू, लिंबू की निंबोळ्या? आणि हो, जाऊबाईंची मुलं बाहेरून येणार आहेत, त्यांना मराठी गाणी फार येत नाहीत, तर एखाददुसरं इंग्रजीही चालेल.

आंब्याचा_माणूस:
ताई कल्पना फारच आवडली. पण दोन्ही आंब्याच्या गाण्यांना एकच आंबा दाखवू नका. नाच रे मोरा मध्ये पाऊस आहे, ढग आहेत, मोर नाचतोय, म्हणजे आमच्याकडे तेव्हा आंबा संपलेला असतो, बागेत फक्त हिरवीगार पानं. गदिमांनी फळ म्हटलेलंच नाही, वन म्हटलंय. तर त्याला आंब्याचा टाळा द्या हातात, पान चुरगळलं की वास येतोच, आई ओळखतील. हे गाणं १९५३ च्या देवबाप्पा मधलं आहे, संगीत पुलंचं आणि आवाज आशाताईंचा, पंच्याहत्तरीच्या माणसाने ते अगदी लहानपणी ऐकलेलं असणार.

आणि पाडाला पिकलाय आंबा साठी पेटीतला आंबा शक्यतो नको. पेटीतला आंबा तयार झाला की काढलेला असतो आणि मग पेंढ्यात, अढीत पिकवलेला. पाड म्हणजे झाडावरच आपोआप पिकलेलं फळ. बागेत पहिले एकदोन आंबे असे पिकून खाली पडतात, पक्षी टोचायला लागतात, मग म्हणायचं पाड लागला, आता बाकीचे उतरवायला हरकत नाही. झाडावरच्या आंब्याचा वास वेगळा येतो, देठाजवळ नाक नेलं की कळतं. सुलोचना चव्हाणांनी ती लावणी ज्या ठसक्यात म्हटलीय ना, त्यातली सगळी गंमत या एका शब्दात आहे, फळ आता फार वेळ झाडावर राहणार नाही हे ऐकणाऱ्याला माहीत असतं. कोणी गावाहून येणार असेल तर एक झाडपिका आंबा मागवाच, मऊ पडलेला असला तरी चालेल.

श्रीगोंदेकर:
निंबोणीबद्दल सांगतो. आमच्याकडे लिंबाच्या बागा आहेत, आम्ही लिंबाच्या झाडाला लिंबोणीच म्हणतो, लिंबोणी लावली, लिंबोणीला बहार धरला असंच बोलणं असतं. कडुलिंबाला नुसतं लिंब म्हणतो आणि त्याच्या फळाला लिंबोळी. त्यामुळे माझ्या मते लिंबूच ठेवा. शिवाय चांदोबा चांदोबा भागलास का मध्ये पुढे निंबोणीचं झाड करवंदी असं येतं, आता करवंदाची जाळी काटेरी आणि गच्च, लिंबोणी पण काटेरी आणि गच्च, कडुलिंबाला कुठे काटे आहेत.

स्वाती_नागपूर:
मला नाही पटत. आमच्याकडे अंगणात कडुनिंबच असतो आणि चंद्र लपायचा तर झाड पण तेवढं मोठं नको का, लिंबाचं झाड दोन पुरुष उंच पण होत नाही. बाळाला मांडीवर घेऊन आई वर बघतेय, फांद्यांमधून चंद्र दिसतोय, हे कडुनिंबाखालीच होऊ शकतं. बाकी सुमन कल्याणपूर यांचा तो आवाज, १९७७ चा सिनेमा बाळा गाऊ कशी अंगाई, माझ्या दोन्ही मुली त्याच गाण्यावर झोपल्या त्यामुळे माझं मन त्या झाडाच्या बाबतीत बदलणं अवघड आहे.

श्रीगोंदेकर:
ताई चंद्र लपायला झाड उंच लागत नाही, नुकताच उगवलेला चंद्र खालीच असतो की. आमच्या वस्तीवर तो रोज लिंबोणीमागूनच वर येतो.

भोंडला_आवडतो:
लिंबासाठी अजून एक आहे आणि हे सगळ्या बायकांना पाठ असणार, एक लिंबू झेलू बाई दोन लिंबं झेलू. म्हणताना एकेक लिंबू वाढत जातं, पाचावर पाणवठा येतो. पाच लिंबं ठेवा आणि खरंच झेलायला लावा पोरांना. आणि आंबा पिकतो रस गळतो, कोकणचा राजा झिम्मा खेळतो, हे विसरलात का? आमरसाच्या दिवशी हे नाही म्हटलं तर काय म्हणणार. झिम्म्याच्या टाळ्यांसकट घ्या, बसल्या जागी पण होतं. कारल्याचा वेल लाव गं सुने मी मुद्दाम सांगत नाही, कारलं बाजारात भाजीतच मोजतात आणि सासू-सुनेचं गाणं आहे, तुमच्या घरात सगळ्यांना आवडणार असेल तर ठेवा.

गावाकडचा_राहुल:
माझी मैना गावाकडं राहिली चालेल का? डोंगरची काळी मैना म्हणजे करवंदं, मे महिन्यात सहज मिळतील.

शाहिरी_ऐकणारा:
राहुल, करवंदवाल्यांची आरोळी बरोबर आहे पण त्या गाण्यातली मैना करवंद नाही. ती अण्णाभाऊ साठेंची छक्कड आहे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली, शाहीर अमर शेख यांनी गावोगाव गाजवलेली. मुंबईत पोटासाठी आलेला माणूस आणि गावी राहिलेली त्याची बायको, आणि तिच्या विरहातूनच बेळगाव-कारवारची ताटातूट सांगितलीय. ते गाणं जरूर म्हणा, पण फळ दाखवून नको, त्या गाण्याचा अर्थच बदलेल.

जांभळासाठी दोन गोष्टी सांगतो. जांभुळपिकल्या झाडाखाली जैत रे जैत मधलं, १९७७, शब्द ना. धों. महानोरांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. महानोर स्वतः पळसखेड्याचे शेतकरी, सीताफळाच्या बागा केलेला माणूस, त्यातल्या एका सीताफळाला त्यांनी लताफळ नाव दिलं होतं. त्यामुळे जांभुळपिकल्या हा शब्द बघा, पिकलेलं जांभूळ नाही, जांभूळ पिकलेलं झाड. खाली जमीन जांभळी झालेली असते, चालताना तळव्यांना चिकटतं, ते सगळं त्या एका शब्दात आलंय. घरात वयस्कर मंडळी असतील तर विठ्ठल उमपांच्या जांभूळ आख्यानाची पण आठवण निघेल, द्रौपदीचं मन कर्णाकडे जातं ती कथा. पण ते आख्यान आहे, खेळात मावणार नाही, वेगळं ऐकवा.

हिंदी_पण_घ्या:
हिंदीतलं माझं आवडतं म्हणजे सौदागर मधलं इमली का बूटा बेरी का पेड, १९९१, दिलीपकुमार आणि राजकुमार दोघं म्हातारे मित्र. एका गाण्यात दोन फळं. फक्त ताजी बोरं मे महिन्यात मिळणार नाहीत, ती थंडीतली, वाळवलेली बघा. चिंचेसाठी मराठीत चिंचा आल्यात पाडाला आहेच. तरुण पोरांसाठी हाऊसफुल २ मधलं अनारकली डिस्को चली, २०१२ चं, पण कली म्हणजे कळी, तेव्हा डाळिंब नाही, डाळिंबाची लाल कळी मिळवा, दिसायलाही छान.

आंब्याचा_माणूस:
चिंचेला पण पाड म्हणतात हे या गाण्यामुळेच मला कळलं, आम्ही चिंच गाभुळली म्हणतो. हिरवी पण नाही आणि पूर्ण पिकली पण नाही, टरफल सुटायला लागलेलं आणि आत आंबटगोड. ती आता मिळणं अवघड, झाडं उतरवून झाली असतील, घरातली साठवणीची शेंग ठेवा.

सुमेध_परदेशातून:
इंग्रजीसाठी हॅरी बेलाफोंटेचं बनाना बोट सॉंग घ्या, १९५६ च्या कॅलिप्सो अल्बममधलं, सगळे डे-ओ म्हणून ओळखतात. मूळ जमैकाचं लोकगीत, रात्रभर बोटीवर केळ्यांचे घड चढवणारे मजूर सकाळी मोजणीवाल्याला हाक मारतायत की आमचे घड मोज, आम्हाला घरी जायचंय. एकाने ओळ म्हणायची बाकीच्यांनी साथ द्यायची, त्यामुळे शब्द न येणाऱ्याला पण जमतं. टोपलीत एक केळं नको, फणी ठेवा. लेमन ट्री पण मुलांना येत असेल, १९९५ चं.

एक मात्र सांगतो, नेटवर अशा याद्यांमध्ये स्ट्रेंज फ्रूट हमखास सापडेल, बिली हॉलिडेचं १९३९ चं. ते खेळात घेऊ नका. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या लोकांना झाडांना लटकवून मारत होते त्याबद्दल आहे ते, ते फळ म्हणजे माणसाचं शरीर आहे. मी पहिल्यांदा अर्थ समजून ऐकलं त्या दिवशी दुसरं काही ऐकवलंच नाही.

मीनल_ठाणे:
सगळ्यांचे खूप आभार, डोळे भरून आले वाचताना. कोळ्यांचं सन आयलाय गो नारली पुनवेचा मला काल रात्री आठवलं, तर नारळ पण आला टोपलीत. निंबोणीचं शेवटी आईंनाच विचारलं, कार्यक्रमाचं न सांगता. म्हणाल्या माझ्या माहेरी न्हाणीघराचं पाणी जिथे जायचं तिथे लिंबोणी होती, वेगळं पाणी घालावं लागायचं नाही, आणि पौर्णिमेला आमची आई भांडी घासता घासता तिच्याकडे बघून ते चांदोबाचं म्हणायची. तेव्हा आमच्या टोपलीत लिंबू, पण नुसतं नाही, दोन पानं आणि काट्यासकट डहाळी. स्वातीताई, तुमचा कडुनिंब पण दाराला तोरणात लावतेय. आता फक्त वाळलेली बोरं ठाण्यात कुठे मिळतील तेवढं कुणीतरी सांगा, आणि पाडाच्या आंब्यासाठी दिरांना फोन केलाय, ते ३० ला रात्रीच्या गाडीने निघतायत.