साडेनऊ फुटांवरून ४के दिसतं का? की पैसे आवाजावर घालावेत?

सिंहगड_रोड_तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. हॉल १२ बाय १६. सोफा आणि टीव्ही समोरासमोरच्या भिंतींना, डोळ्यापासून पडद्यापर्यंत टेपने मोजलेलं अंतर साडेनऊ फूट. सध्या ४३ इंची फुल एचडी टीव्ही, डीटीएचचा एचडी बॉक्स आणि १०० एमबीपीएस फायबर आहे. बघणारे चौघं. दोघं सत्तरीच्या पुढचे, त्यांना मालिका, बातम्या, क्रिकेट. बाकी दोघांचं ओटीटी. बजेट साठ हजार, ताणलं तर पासष्ट.

१) एवढ्या अंतरावरून फुल एचडी आणि ४के यातला फरक खरंच दिसतो का, की तो शोरूमपुरताच असतो?
२) ज्येष्ठांची तक्रार चित्राबद्दल नाहीच. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पार्श्वसंगीत अंगावर येतं. नव्या टीव्हीने हे सुटेल का?
३) ओटीटीचा वरचा प्लॅन घेण्यात अर्थ आहे का?

इंचपट्टी

आधी गणित, मग दुकान.

६/६ नजरेच्या डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतकं बारीक वेगळं दिसतं. साडेनऊ फुटांवर (२.९ मीटर) ते होतं ०.८४ मिलिमीटर. आता पडदा घ्या. ५५ इंची टीव्हीची रुंदी सुमारे १२२ सेंटीमीटर. फुल एचडीचे १९२० ठिपके त्यात बसवले की एक ठिपका ०.६३ मिमीचा, ४केचे ३८४० बसवले की ०.३२ मिमीचा. दोन्ही ०.८४ च्या आत. म्हणजे नुसत्या ठिपक्यांचा प्रश्न असेल तर तुमच्या सोफ्यावरून दोन्ही सारखेच. फुल एचडीचा ठिपका तिथून जेमतेम सुटा दिसायला टीव्ही ७२-७३ इंची लागेल, किंवा ५५ इंचीच्या सात फुटांवर येऊन बसावं लागेल. शोरूममध्ये आपण चार फुटांवर उभे असतो, तिथे फरक दिसणारच.

हेच गणित एसडी, म्हणजे जुन्या साध्या दर्जाच्या चॅनेलला लावा. ५७६ ओळी ५५ इंचीच्या साडेअडुसष्ट सेंटीमीटर उंचीत पसरल्या की एक ओळ १.१९ मिमीची. ती तेरा फुटांवरूनही कळते. तेव्हा एसडीवरून एचडीवर जाणं तुमच्या घरात दिसेल, एचडीवरून ४केवर जाणं जवळपास दिसणार नाही. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी आवृत्त्या आहेत. बॉक्स एचडी असून पॅकमध्ये एसडी चॅनेल ठेवलेली घरं भरपूर सापडतात. पहिलं काम ते तपासणं, त्याला साठ हजार लागत नाहीत.

मोठा पडदा घेऊ नका असं मात्र म्हणत नाही. साडेनऊ फुटांवर ४३ इंची पडदा नजरेचे साडेअठरा अंश व्यापतो, ५५ इंची पावणेचोवीस, ६५ इंची अठ्ठावीस. सिनेमावाले ३० अंश धरतात. आकाराचा फरक मोतीबिंदू असलेल्या माणसालाही जाणवतो, ठिपक्यांचा नाही. आणि ५५ इंचीत आता बहुतेक टीव्ही ४केच असतात, त्यामुळे निवड तशी उरलेलीच नाही.

पडद्याचा मध्य जमिनीपासून ४० ते ४२ इंचांवर ठेवा. सोफ्यावर डोळे तिथेच येतात. फ्रेमसारखा वर टांगला की बायफोकलवाल्यांना मान मागे टाकून बघावं लागतं, आणि व्हीए पॅनेल असेल तर काळा रंग राखाडी होतो (व्हीए आणि आयपीएस हे एलसीडी पडद्याचे दोन प्रकार). व्हीएचा कॉन्ट्रास्ट आयपीएसच्या तिप्पट-चौपट, पण समोरून बघितलं तरच.

बिटरेट_बंड्या

वरचं गणित बरोबर आहे. तरीही त्याच सोफ्यावरून ४के स्ट्रीम पुष्कळदा उजवी दिसते. श्रेय ठिपक्यांचं नाही, मेगाबिटचं.

डीव्हीडीवर चित्राला कमाल ९.८ एमबीपीएस मिळत, ब्लू-रेवर ४०, ४के ब्लू-रेवर एकूण १२८ पर्यंत. नेटफ्लिक्स १०८०पीला, म्हणजे फुल एचडीला, ५ एमबीपीएस आणि ४केला १५ एमबीपीएसची जोडणी सुचवतं. म्हणजे ओटीटीचं "फुल एचडी" हे ब्लू-रेच्या फुल एचडीच्या आसपासही नाही, ठिपके तेवढेच असले तरी. मेगाबिट कमी पडले की आधी बळी जातं ते बारीक आणि हलतं काही: क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे धावला की गवताची हिरवी लापशी होते, पावसात माणसाभोवती चौकोन नाचतात, संध्याकाळच्या आभाळात पायऱ्या पडतात. हे तेरा फुटांवरूनही दिसतं. ४केच्या स्ट्रीममध्ये मेगाबिट जास्त, एचडीआर (उजेड-काळोखाची जास्त रुंद पट्टी दाखवणारं चित्र) असेल तर रंग १० बिटचे (८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, १० मध्ये १०२४), म्हणून ते आभाळ सलग दिसतं.

तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: प्लॅन ७२०पीचा असेल तर १०८०पीचा घ्या. ४केचा प्लॅन ५५ इंचीवर, पडदे ओढून सिनेमे बघणाऱ्यांसाठी. तासाला पावणेसात जीबी जाते हे लक्षात ठेवा.

त्याआधी टीव्हीला मिळतंय काय ते बघा. रिमोटवरचं इन्फो बटण दाबलं की येणाऱ्या चित्राचं रिझोल्यूशन दिसतं. यूट्यूबला "स्टॅट्स फॉर नर्ड्स" मध्ये खरी संख्या कळते. स्वस्त अँड्रॉइड बॉक्स असेल तर वाइडवाइन (चोरी रोखणारं कुलूप) एल१ दर्जाचं आहे की एल३ हे तपासा. एल३ असेल तर बरीच ओटीटी अॅप एसडीच देतात, मग टीव्ही कितीही लाखाचा असो. राउटर बेडरूममध्ये आणि मधे आरसीसीची भिंत असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय हॉलपर्यंत पोचताना दमतं आणि २.४ वर अख्ख्या सोसायटीची गर्दी. सरळ लॅन केबल टाका, कॅट ५ई पुरते. टीव्हीचं पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचंच असतं, स्ट्रीमिंगला तेवढं भरपूर.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे कोणी बघत नाही. बातम्यांच्या चॅनेलवर खालून सरकणारी पट्टी दहा सेकंद बघा. लोण्यासारखी सरकते की ठेचकाळत? आपलं प्रसारण सेकंदाला ५० चं. स्ट्रीमिंग स्टिक मुळात ६० हर्ट्झवर लावलेली असते, मग दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवून ५० चे ६० केले जातात. सेकंदाला दहा ठेचा. क्रिकेटचा लाइव्ह सामना स्टिकवर अडखळतो आणि डीटीएचवर गुळगुळीत दिसतो, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं, नेट नव्हे. सेटिंगमध्ये "मॅच फ्रेम रेट" चालू करा. ते नसेल तर सामन्यापुरतं आउटपुट ५० हर्ट्झ करा.

पर्वती_पायथा

एवढा खटाटोप करून बघायचं काय, तर मालिका. एकाच वाक्यावर तीन वेळा वळणारा कॅमेरा आणि ढँण्. तिला ४के दिलं तरी ढँण् तेच. आणि जुने मराठी सिनेमे तर यूट्यूबवर व्हिडिओ कॅसेटवरून चढवलेले. मोठ्या टीव्हीवर ते आणखी वाईट दिसतात. आहे तो टीव्ही ठेवा आणि साठ हजारांची एफडी करा.

इंचपट्टी

ढँण्बद्दल मतभेद नाही. जुन्या सिनेमाबद्दल आहे. वाईट आहे ती कॅसेटवरची प्रत, सिनेमा नव्हे. ३५ मिमीच्या निगेटिव्हमध्ये ४के स्कॅन करण्याइतका तपशील असतो. असल्या रिळांसाठीच पुण्यात लॉ कॉलेज रोडवर १९६४ पासून चित्रपट संग्रहालय आहे. नीट स्कॅन केलेली प्रत मिळाली तर कृष्णधवल सिनेमातलं लुगड्याचं पोतसुद्धा दिसतं.

कॅसेटवाल्या प्रतीसाठी दोन गोष्टी करा. शार्पनेस शून्याजवळ आणा (काही कंपन्यांत मधला आकडा म्हणजे शून्य, मेनूतच बघा), कारण तो तपशील वाढवत नाही, कडांना पांढरी किनार काढतो. आणि पिक्चर साइज ४:३ ठेवा. बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ देत. पडदा भरावा म्हणून ताणला की नायिकेचं वजन तेहतीस टक्क्यांनी वाढतं.

मंद्र_सप्तक

दुसरा प्रश्न खरा आहे आणि त्याला नवा टीव्ही हे उत्तर नाही. टीव्ही जितका पातळ तितके स्पीकर लहान, आणि त्यांची तोंडं खाली किंवा भिंतीकडे. संवादातले स, श, त, क हे वरच्या सुरांत असतात, वय झालं की नेमके तेच आधी कमी ऐकू येतात. म्हणून "आवाज येतो पण शब्द कळत नाहीत" ही तक्रार.

फुकटचे उपाय आधी. ओटीटीवर ऑडिओची भाषा निवडताना ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा) सोडून साधा दोन स्पीकरांचा स्टिरिओ ट्रॅक असेल तर तो घ्या. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात. टीव्हीला तो स्पीकरच नसल्याने सगळं दोनात ओततात आणि बाजूच्या स्पीकरांचं संगीत संवादावर चढून बसतं. नंतर साउंड मेनूत "क्लिअर व्हॉइस" चालू करा, आणि "नाइट मोड" असेल तर तोही. तो मोठे आवाज दाबतो, बारीक उचलतो. "सराउंड" किंवा "३डी साउंड" बंद. आणि पंखा पाचावरून तीनवर आणा. हसू नका, डोक्यावरची घरघर नेमकी त्या बारीक अक्षरांवर बसते.

मग हॉल. मध्ये उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. मागून "टर्रर्र" असा शेपटा आला तर व्हिट्रिफाइड टाइल, काच आणि कोरी भिंत आवाज परतवतायत. सोफा आणि टीव्हीच्या मधे ६ बाय ४ चा जाड गालिचा, बाल्कनीच्या काचेला जाड पडदा, एका भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट. एवढ्याने शब्द सुटे होतात.

यानंतरही कमी वाटलं तर साउंडबार. वॅटचा आकडा बघू नका, मधला स्वतंत्र स्पीकर आहे का ते बघा. खोक्यावर २.१ असेल तर नाही, ३.१ किंवा ५.१ असेल तर आहे. साउंडबार टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत सरकवू नका, कडेला ओढून ठेवा, नाहीतर आवाज डब्यातून आल्यासारखा घुमतो. छताकडे आवाज फेकणाऱ्या अॅटमॉस बारच्या नादी लागू नका. त्याला सपाट छत लागतं, पीओपीचे खालीवर टप्पे आणि मधे पंखा असेल तर पैसे वाया.

जोडणी टीव्हीच्या "एआरसी" लिहिलेल्या एचडीएमआयमधून, तिथून टीव्हीचा आवाज बारकडे जातो. ऑप्टिकल केबल डॉल्बी डिजिटल ५.१ नेते, पण ओटीटीचा डॉल्बी डिजिटल प्लस तिच्यातून जात नाही. जोडल्यावर टीव्हीत दोन गोष्टी चालू करा: ऑडिओ आउटपुट "एआरसी" आणि सीईसी (जोडलेली यंत्रं एका रिमोटने चालवायची सोय). सीईसी बंद राहिलं की एका रिमोटने आवाज होत नाही, आणि बार "बिघडला" असं वाटतं. ई-एआरसीसाठी जास्त मोजू नका, ते ब्लू-रेच्या लॉसलेस आवाजासाठी.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर सेटिंगमध्ये एव्ही सिंक बघा. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीत दिलंय की आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला कळतं, पण मागे पडला तर सव्वाशेपर्यंत कळत नाही. सवयीचा भाग आहे. मिरवणुकीत चाळीस मीटरवरून बघितलं तर टिपरू ढोलावर आधी पडलेलं दिसतं आणि ठोका मागून येतो, तेवढंच ते अंतर. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करत बसतो म्हणून एआरसीत आवाज आधी येऊ शकतो. तसं असेल तर आवाजाचा उशीर २० मिलिसेकंदांच्या पायरीने वाढवत जा आणि बातमीदाराचे प, ब, म बघून थांबा.

सिंहगड_रोड_तिसरा_मजला

गालिचा आणि स्टिरिओ ट्रॅकपासून सुरुवात करतो. अजून दोन शंका. दुकानदार सांगतो एचडीआर असलेलाच घ्या आणि सोन्याचा मुलामा दिलेली साडेतीन हजारांची केबल घ्या. आणि बॉक्स दुसऱ्या भिंतीच्या कपाटात ठेवायचाय, केबल भिंतीतून सुमारे दहा मीटर जाईल.

बिटरेट_बंड्या

एचडीआरचा शिक्का सगळ्यांवर असतो. सिनेमांच्या एचडीआर प्रती बहुधा १००० निट्सच्या (निट हे उजेडाचं माप) पडद्यावर तयार होतात आणि या किमतीचे पुष्कळ टीव्ही ३०० च्या आसपास. टीव्हीला ते उजेड खाली दाबून बसवावे लागतात, मग "एचडीआर लावलं की काळोख" अशी तक्रार येते. डायनॅमिक टोन मॅपिंग चालू करा, डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) असेल तर "ब्राइट" निवडा. स्टिक "कायम एचडीआर" वर ठेवू नका, साधे कार्यक्रम फिकट धुतल्यासारखे दिसतात.

केबल डिजिटल आहे. चित्र येतं, किंवा ठिपके चमकतात, किंवा पडदा काळा होतो. महाग केबलने रंग खुलत नाहीत. तीन मीटरपर्यंत "प्रीमियम हाय स्पीड" लिहिलेली साधी केबल पुण्याच्या तपकीर गल्लीत दुकानदार सांगतो त्या किमतीच्या अंशात मिळते. ४के ६० हर्ट्झला १८ जीबीपीएस लागतात. टीव्हीत त्या पोर्टचं "एन्हान्स्ड" फॉरमॅट चालू करावं लागतं, नाहीतर टीव्ही मागासलेलाच सिग्नल मागतो.

दहा मीटरला तांब्याची साधी केबल १८ जीबीपीएसवर भरवशाची नाही. फायबरवाली एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते: एका टोकावर "सोर्स", दुसऱ्यावर "डिस्प्ले" लिहिलेलं. उलटी टाकली की चित्रच येत नाही आणि भिंत बुजवून झालेली असते. म्हणून आधी जमिनीवर पसरून दोन्ही टोकं जोडून तासभर चालवा. पाइप जमलं तर ४० मिमीचा. २० च्या पाइपात एचडीएमआयचं डोकं अडकतं. कोपऱ्यात एल्बो नको, लांब बेंड घाला, फायबर काटकोनात मोडतो. आणि इलेक्ट्रिशियनला सांगा, केबल ओढल्यावर पाइपात नायलॉनचा एक जादा दोरा सोडून ठेव. पुढची केबल त्यालाच बांधून ओढायची असते.