मदत हवी आहे: शाळेत मोबाईलबंदीचा ठराव येतोय, सही करू का?

नमस्कार मंडळी,

मी भोर तालुक्यातल्या एका वाडीवर राहते. लेक नववीत आहे, शाळा अकरा किलोमीटरवर. यंदा शाळा व्यवस्थापन समितीत पालकांमधून माझं नाव घातलंय. (घातलंय म्हणजे मी सभेला उशिरा पोचले, तोवर लिहून झालं होतं.)

येत्या शनिवारी बैठक आहे. तीन नंबरचा विषय 'विद्यार्थ्यांच्या मोबाईलबाबत'. ठराव आधीच टाईप करून ठेवलाय, दोन ओळींचा: शाळेच्या आवारात मोबाईल आणण्यास सक्त मनाई. आढळल्यास जप्त, वार्षिक परीक्षेनंतर परत. सही करा, चहा घ्या आणि निघा.

मला सही करवत नाहीये, आणि विरोध करायलाही तोंड नाही. कारण दिवाळीआधी दहावीतल्या एका पोराने, बाई फळ्यावर लिहीत असताना मागून व्हिडिओ काढला, त्याला घाणेरडं गाणं लावलं आणि रात्रीत ते गावभर झालं. बाई आठ दिवस शाळेत आल्या नाहीत. तेव्हा बंदी मागणारे वेडे आहेत असं मी म्हणणार नाही.

पण जुलैत घाटात झाड पडलं आणि संध्याकाळची गाडी आलीच नाही. आमच्या वाडीच्या पाच मुली स्टँडवर, वर पाऊस. साडेसातला वडापाववाल्या काकांच्या मोबाईलवरून लेकीचा फोन आला. तिला माझा नंबर पाठ होता म्हणून! बाकी चौघींना घरचा एकही नंबर पाठ नव्हता. दुसऱ्याच दिवशी आम्ही बटणाचा साधा फोन घेतला. तो बंद करून, जुन्या मोज्यात घालून दप्तराच्या तळाशी असतो. नव्या ठरावाने तोही जप्त.

गंमत म्हणजे शाळाच गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते, रात्री नऊला. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून या म्हणतात. कशाने करायचा, चष्म्याने?

तर विचारायचं एवढंच, की 'आणू द्यायचा पण वापरू द्यायचा नाही' असं कुणाच्या शाळेत खरंच चालतं का? फोन ठेवतात कुठे, किल्ली कुणाकडे, हरवला तर भरून कोण देतं? मोबाईल चांगला की वाईट ही चर्चा कृपया नको, ती आमच्या पारावर रोज होते.

खडूची_धूळ:
ताई, मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे, सतरा वर्षं झाली. आम्ही हा प्रयोग केलाय आणि एकदा तोंडावर आपटलोय.

पहिल्या वर्षी सगळ्या शाळेचे फोन ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवले, किल्ली लिपिकाकडे. सकाळी जमा करायला रांग, ती एकवेळ चालते. संध्याकाळी सुटल्यावर वाटप करायला वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यात गाडी जाते. म्हणजे ज्या गाडीसाठी फोन दिला, तीच फोनपायी चुकली. शिवाय कपाटात दिवसभर गजर वाजतात. कुणाचा कुठला, देव जाणे.

मग वर्गवार केलं. वर्गशिक्षक हजेरी घेतानाच फोन घेतात, हजेरीपुढे खूण करतात, शेवटच्या तासाचे शिक्षक वर्गातच परत देतात. पाच मिनिटांत मोकळे. हरवल्याची जबाबदारी शाळेची नाही, असं पालकाच्या सहीचं पत्र घेतो. खरं सांगायचं तर या पत्राला फारसा अर्थ नाही, पण महागडे फोन येणं त्याने थांबलं.

एक चलाखी माहीत असू द्या. पोरं घरातला बंद पडलेला जुना फोन जमा करतात आणि चालू फोन खिशात ठेवतात. घेताना एकदा स्क्रीन उजळतेय का बघायचं.

काळा_कोट_पांढरा_बँड:
ठरावात 'वार्षिक परीक्षेनंतर परत' हे काढायला लावा. फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्रीय विद्यालयाच्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात नेमका हाच विषय हाताळला. सरसकट बंदी इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही, असं न्यायालय म्हणालं. फोन आणू द्यावा, शक्य तिथे सकाळी जमा करून जाताना परत द्यावा, वर्गात वापर नको, आवारात आणि शाळेच्या वाहनात कॅमेरा व रेकॉर्डिंग नको, सुरक्षिततेसाठी संपर्क चालेल पण करमणुकीसाठी नको. नियम मोडल्यास ठराविक काळ जप्त करता येईल, मात्र शिक्षा अवाजवी कडक नसावी. महाराष्ट्रातल्या शाळेला हा निकाल थेट बंधनकारक नाही. पण बैठकीत वाचून दाखवला तर वजन पडतं.

आणि ताई, शिक्षण हक्क कायद्यानुसार त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला. मसुदा तयार आहे म्हणून तो तसाच मंजूर व्हायला हवा असं कुठे लिहिलंय?

सडेतोड_सातारकर:
मला हे लाड पटत नाहीत. आम्ही शिकलो तेव्हा कुठे फोन होते? शाळेच्या ऑफिसात एक फोन ठेवा, मुलींना तिथून लावू द्या. ग्रामीण भागातल्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या 2024 च्या अहवालात 14 ते 16 वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 57 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला होता आणि 76 टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. यातच काय ते आलं.

खडूची_धूळ:
सातारकर, ऑफिसातला फोन पाचला कुलपात जातो. मुली स्टँडवर उभ्या होत्या सात वाजता. तुम्ही शिकलात तेव्हा स्टँडवर एसटीडी बूथ तरी होता.

सडेतोड_सातारकर:
बूथचा मुद्दा मान्य. पण मग बटणाचाच फोन. स्मार्टफोनला दारातूनच नमस्कार.

आयंदोवनची_आजी:
लेकाकडे नेदरलँड्सला असते, नात इथल्या माध्यमिक शाळेत आहे. इथे जानेवारी 2024 पासून माध्यमिक वर्गांत फोन बंद झाले, पुढच्या शैक्षणिक वर्षात प्राथमिकमध्येही. बऱ्याच शाळांचं घोषवाक्य आहे 'घरी नाहीतर कप्प्यात'. डचमध्ये त्याचं छान यमक जुळतं. पण इथे प्रत्येक मुलाला स्वतःचा कुलपाचा कप्पा आहे हो. तुमच्याकडे बाक पुरतात का ते आधी बघा.

आणि मोठ्यांचंही बघा. सांगलीकडच्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजला की अख्खं गाव दीड तास फोन-टीव्ही बंद ठेवू लागलं. शिक्षकांनी रात्री नऊला ग्रुपवर गृहपाठ टाकायचा आणि मुलांना म्हणायचं फोन ठेवा, हे कसं चालेल?

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. बैठक झाली, इथेच कळवते.

निकालाची प्रत वाचली. अध्यक्ष म्हणाले, दिल्लीचं दिल्लीत. पण त्या व्हिडिओवाल्या बाईच शिक्षकांच्या बाजूने समितीवर होत्या, त्यांनी तोंड उघडलं. म्हणाल्या, मला कॅमेऱ्याची भीती वाटते, मुलीने आईला फोन करण्याची नाही. त्यानंतर कुणी फार ताणलं नाही.

ठरलं ते असं: बटणाचा फोन चालेल, स्मार्टफोन नाही. जमा वर्गातच, हजेरीसोबत. वापरताना सापडला तर सात दिवस जप्त आणि पालकांना बोलावणं. पाचही मुलींनी घरचे दोन नंबर पाठ करायचे, हे मी माझ्यातर्फे जोडलं, ते हसतहसत मंजूर झालं. ग्रुपवरच्या गृहपाठाचा विषय मात्र 'पुढील सभेत घ्यावा' असा लिहिला गेला. पुढील सभा म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहेच.

कपाटाला पैसे नाहीत. म्हणून दाराला चपलांसाठी टांगतात तशी कप्प्यांची कापडी पट्टी आमच्या बचत गटातून शिवून घेतोय, जुन्या गोधडीच्या कापडाची, वर हजेरी क्रमांक. नववीच्या वर्गासाठी चाळीस कप्पे. शिवणाऱ्या काकू विचारतायत की कप्पा किती इंच रुंद ठेवू. खडूची_धूळ सर, तुमच्याकडे काय माप होतं? फार सैल झाला तर फोन उलटून खाली पडेल ना?